मोहाखालची माती

"विशाखा, तुमची राणी नेमकी कुठं पुरलीय गं?"

प्रश्न विचारला स्वरूपानं, पण तो खरं तर तिचा नव्हताच. तो जुई आणि तनुजाचा होता. "इतिहास मंडळाच्या अध्यक्षांची पोरगी तू, अन् एवढं विचारायची हिंमत नाही? मग वादविवादाचा कप परत देऊन टाक," असं म्हणत दोघींनी तिला शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे ढकललं होतं. आणि स्वरूपा मामिडवार, जी आठवीपर्यंत 'हजर' म्हणतानासुद्धा बाकाकडे बघायची, ती जिल्ह्यात वादविवादात पहिली आल्यापासून अशी काही फुलली होती, की आपल्याला विचारता येणार नाही असा प्रश्न जगात उरलाच नाही असं तिला वाटायचं. म्हणून तिनं तो विचारला. मोठ्यांदा. टाकीभोवती अख्खी नववी 'अ' उभी असताना.

विशाखा सिडाम तिची पाचवीपासूनची मैत्रीण. तिनं शांतपणे बाटली भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझ्या दप्तरात आहे. डबा खाऊन झाला की दाखवते."

सगळे खो खो हसले. तिथंच थांबायला हवं होतं. पण हसू विशाखाच्या बाजूनं गेलं होतं, आणि स्वरूपाला ते आपल्या बाजूला ओढायचं होतं.

"नाही पण खरंच! तुमच्यात जाळत नाहीत ना, पुरतात ना? मग कुठंतरी असेलच की. का घरातच पुरता?"

या वेळी फक्त जुई हसली, तीही अर्धवट. विशाखानं बाटलीचं झाकण गच्च पिरगाळलं. "आमच्या घरी येऊन मोहाचे लाडू खातेस," ती म्हणाली, "तेव्हा नाही विचारलंस." आणि वर्गात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपरात स्वरूपाचं पेन बंद पडलं. मागे वळून कुणाकडे मागावं म्हणेपर्यंत शेजारच्या रांगेतून एक निळं पेन सरकत तिच्या बाकावर आलं. टोपण चावून चावून पार चपटं झालेलं. विशाखानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं पेन दिलं.

ते पेन स्वरूपानं परत केलं. टोपण मात्र केलं नाही.

*

टोपण का ठेवलं हे कळायला स्वरूपाचे बाबा माहीत हवेत. श्रीधर मामिडवार. चिरोलगडच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान, आणि डोक्यात राणी सोनाई. चिरोलगडची ही शेवटची राणी वेढ्यात गेली आणि तिच्या माणसांनी तिला खुणेचा एक दगडही न ठेवता कुठंतरी पुरलं, एवढीच गोष्ट मागे उरली होती. ती जागा शोधायला बाबांनी स्वरूपाच्या जन्माआधी मंडळ काढलं. पोस्टातून निवृत्त झालेले टेंभुर्णेकाका, दोन शिक्षक, एक फोटोग्राफर, आणि सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन येणारे हौशी लोक. राणी म्हटली म्हणजे घुमट असणार, या एका समजुतीवर त्यांनी किल्ल्याभोवतीची प्रत्येक पडकी घुमटी पालथी घातली होती. स्वरूपाचा पहिला वाढदिवस अशाच एका घुमटीत झाला होता. केकला मुंग्या लागल्या, ते आई अजून ऐकवायची. गाव बाबांना 'राणीवाले मामिडवार' म्हणायचं, आणि ते काही आदरानं नव्हे.

मग मंडळाकडे वाचक आला.

वाचक म्हणजे शिवणयंत्राच्या पेटीएवढं एक यंत्र. माणूस मातीत गेला की मांस जातं, कालांतराने हाडंही विरतात, पण त्याच्या डीएनएचे बारीक बारीक तुकडे चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात. शेकडो वर्षं. पूर्वी ते वाचायला मोठी प्रयोगशाळा लागायची, आता चिमूटभर माती आणि अर्धा दिवस पुरतो. आणि त्यासाठी खणायचीही गरज नाही, कारण ते काम वाळवीनं आधीच करून ठेवलेलं असतं. वारूळ बांधायला लागणारी ओली माती ती दोन-दोन पुरुष खोलवरून तोंडात धरून वर आणते. वारूळ म्हणजे खालच्या जमिनीनं वर धाडलेला नमुनाच.

झालं! मंडळानं घुमट सोडले आणि वारुळं धरली. औषधाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून त्यांवर नंबर टाकायचे. स्वरूपा त्यात पटाईत. पण मातीत सापडलेलं माणूस राणीच कशावरून? त्यासाठी राणीच्या रक्ताचं कुणीतरी जिवंत माणूस लागतं. आणि ते कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोनाईची मुलगी खैरटोल्यातल्या एका घरात लपून वाढली, आणि ते घर पुढे लेकीकडून लेकीकडेच चालत आलं, घरजावई आणून आणून. ते घर विशाखाचं. आईकडून लेकराला मिळणारा डीएनएचा एक धागा पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे विशाखाच्या थुंकीत राणीचा धागा होता.

बाबा दोनदा त्यांच्या घरी विचारायला गेले. विशाखाची आई, सगुणामावशी, दोन्ही वेळा दारातच म्हणाली, "तुमची राणी तुमी शोधा, मामिडवार भाऊ. आमची थुंकी आमच्यापाशी राहू द्या." आणि वर चहा पाजला.

स्वरूपा मात्र त्या घरात लहानपणापासून हक्कानं जायची. परसात मोठं मोहाचं झाड, त्याच्या बुंध्याशी गुडघ्याएवढं वारूळ. मार्चात फुलं पडायला लागली की मावशी सकाळीच वेचायला बसायची. वारुळाच्या भोवती पडलेली फुलं मात्र ती तशीच सोडून द्यायची. टाकीपाशी तो प्रश्न विचारायच्या आठवडाभर आधीच स्वरूपाला हे दिसलं होतं. तिनं विचारलं नव्हतं, कारण तेव्हा तिच्या तोंडात लाडू होता. मग हात धुवायला म्हणून ती मागे गेली आणि नखानं वारूळ खरवडून घेतलं. नखातली माती घरी येईपर्यंत तिनं मूठ उघडली नाही.

आता माती होती, टोपणही होतं.

*

वाचकाच्या पडद्यावर आधी एक प्रश्न येतो: नमुना देणाऱ्या जिवंत व्यक्तीची संमती आहे? कायद्यानंच तो घातलेला. स्वरूपानं 'हो' दाबलं.

दुसरा प्रश्न: माती जुनी की अलीकडची? जुनी म्हटलं की यंत्र फक्त तो आईकडचा धागा तपासतं, कारण जुन्या मातीत तेवढाच टिकतो. अलीकडची म्हटलं तर सगळंच ताडून बघतं. ठरवता येत नसेल तर तिसरा पर्याय होता, 'माहीत नाही'. वारुळातल्या उबेनं ताजे तुकडेसुद्धा जुन्यासारखे दिसतात, अशी सूचनाही त्याखाली होती. स्वरूपाला राणी हवी होती. तिनं 'जुनी' दाबलं.

संध्याकाळी पडदा हिरवा झाला. धागा जुळत होता.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. दिवसभर दुसऱ्यांचे चष्मे पुसणारा माणूस, पण त्याला स्वतःचा पुसता येईना. "स्वरू," ते म्हणाले, "हे विशाखानं दिलं?"

"हो बाबा. स्वतःहून."

त्यांनी तिला असं जवळ घेतलं की तिचा श्वास अडकला. टेंभुर्णेकाकांनी तिथल्या तिथं पेढे वाटले. स्वरूपा इतकी खूश होती, इतकी खूश, की त्या खुशीत एक बारीक खडा आहे हे तिला जाणवलंच नाही. की जाणवलं होतं?

अहवाल पुरातत्त्व खात्याकडे गेला. जुन्या दफनाचा असा पुरावा असला की नव्या कायद्यानुसार परसातली जागाही खात्याला ताब्यात घेता यायची. रविवारी चाचणीचा खड्डा घ्यायचं ठरलं. खैरटोल्यात मंडप उभा राहिला. सगुणामावशी नको म्हणत राहिली तेव्हा बाजारात लोक म्हणायला लागले, सोनं असेल हो खाली, उगीच का लपवतात!

आणि बाबा, भला माणूस, शाल आणि नारळ घेऊन मावशीचे आभार मानायला गेले. स्वरूपाही बरोबर होती. "ताई, तुम्ही नाही म्हणालात, पण तुमच्या लेकीनं मोठं मन केलं," ते म्हणाले. "स्वतःहून नमुना दिला तिनं."

मावशीनं विशाखाकडे पाहिलं. विशाखानं स्वरूपाकडे. स्वरूपानं बाबांच्या हातातल्या नारळाच्या शेंडीकडे.

दुसऱ्या दिवसापासून विशाखा शाळेत आली नाही. जुईनं बातमी आणली, "तिची आई तिच्याशी बोलत नाही म्हणे. ताट वाढते अन् तोंड फिरवते." तनुजा म्हणाली, "काहून गं स्वरू, तिनं खरंच दिलं होतं?"

"मग काय!" स्वरूपा म्हणाली. वादविवादात मिळवलेला तो खणखणीत आवाज ऐनवेळी चिरकला.

*

मंडपात लावायचं पोस्टर करायचं काम तिच्याकडे होतं. 'जुनी' या पर्यायातून आलेला आलेख म्हणजे एकुलती एक हिरवी रेघ. किती मुळमुळीत! 'अलीकडची' दाबलं तर यंत्र रंगीत पट्ट्यांचं मोठं झकास चित्र देतं, हे तिला माहीत होतं. आकडे काय, तेच येणार. शनिवारी सकाळची शाळा साडेनवाला सुटली, घरात बसा सांगणारा उन्हाचा भोंगा वाजला, रस्ते ओस पडले. मंडळाच्या खोलीत जाऊन तिनं तीच माती, तेच टोपण पुन्हा यंत्रात घातलं. पहिलं वाचन साठवलेलं असल्यामुळे या वेळी निकाल लगेच आला.

चित्र खरंच झकास होतं. निळ्या आणि केशरी पट्ट्या एकमेकींशेजारी, निम्म्या निम्म्या सारख्या. खाली एक ओळ होती.

*नाते: सख्खी बहीण.*

स्वरूपा पोस्टरचा रंग निवडत होती, म्हणून तिनं ती ओळ आधी नुसती वाचली. मग तिचा हात थांबला.

तीनशे वर्षांपूर्वीची राणी कुणाची सख्खी बहीण असू शकत नाही. सख्खी बहीण म्हणजे तीच आई, तेच वडील. सगुणामावशी, आणि खाणीवर कामाला असलेले विशाखाचे बाबा. विशाखा तर एकुलती एक. निदान वर्गातल्या सगळ्यांना तसंच ठाऊक होतं.

न वेचलेल्या फुलांचं ते वर्तुळ तिच्या डोळ्यांसमोर आलं. आणि टाकीपाशी आपण काय विचारलं होतं ते. *का घरातच पुरता?*

तिनं स्वतःच्या नखांकडे पाहिलं. ती केव्हाच धुतली होती, कापलीही होती. तरी तिनं हात ओढणीत गुंडाळून घेतले.

*

भर उन्हात सायकल मारत ती खैरटोल्याला गेली. मंडपाचं कापड फडफडत होतं. परसात चुन्यानं चौकोन आखलेला, आणि चौकोनाच्या मधोमध वारूळ. भोवतीची फुलं तशीच होती.

विशाखा कुंपणापाशी आली. "काय राहिलंय न्यायचं? केस?"

"मला कळलं," स्वरूपा म्हणाली. "राणी नाहीये."

"हो का? आम्हाला केव्हाचं माहीत आहे."

"तुझी..." पुढचा शब्द तिला बोलवेना. वक्तृत्व, वादविवाद, कथाकथन, तिन्हींची प्रमाणपत्रं घरी भिंतीवर होती.

विशाखानं घराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "माझ्या आधीची. महिनाभरही जगली नाही. एवढंसं लेकरू असलं की आमच्या घरात त्याला मोहाखाली ठेवतात. मोहाला दूध असतं ना. आईचं कमी पडलं, तर झाडाचं."

"मग सांगायचं ना गं! खात्याला, बाबांना... कुणी खणलंच नसतं!"

"अन् मग? सगळे आले असते अरेरे करायला. चपला घालून, फोन काढून. तुझ्या जुई-तनुजा पण आल्या असत्या. आईनं आजवर कुणापाशी तिचा शब्द काढला नाही. माझ्यापाशीही पूर्ण नाही. उद्या सगळ्या गावासमोर काढू का? का तर तुमची राणी चुकली म्हणून?"

कुंपणाची काटकी स्वरूपाच्या हातात मोडली. "तिचं नाव..."

"आहे," विशाखा म्हणाली. "तुला नाही सांगणार."

तेवढ्यात सगुणामावशी बाहेर आली. स्वरूपाला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडावं, असंही वाटलं. पण मावशी म्हणाली, "उन्हात काहून उभी राहिली? ऊन लागंल. सावलीत ये. चप्पल काढ पहिले."

स्वरूपानं चप्पल काढली. जमीन भाजत होती. झाडाच्या सावलीच्या कडेला, चुन्याच्या रेघेबाहेर ती उभी राहिली आणि जमिनीकडे बघत, आठवीतल्यासारखं बघत, म्हणाली, "मावशी, विशाखानं काहीच दिलं नव्हतं. तिनं मला पेपराला पेन दिलं, मी त्याचं टोपण चोरलं. मातीपण मीच नेली, त्या दिवशी, लाडू खाल्ल्यावर. बाबांना खोटं सांगितलं."

मावशी विशाखाकडे वळली. इतक्या दिवसांनी लेकीकडे नीट पाहिल्यासारखं तिनं पाहिलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हात तसाच डोक्यावर ठेवला. विशाखा आधी ताठ उभी होती. मग ती आईच्या खांद्यात शिरली. स्वरूपानं दुसरीकडे बघितलं. हे बघायचाही आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळानं मावशीनं आतून पाण्याचा गडू आणला. "पी अन् जा," ती म्हणाली. "तुझ्या बाबाले सांग, इथं कोणी राणी नाही. त्याउपर एक अक्षर नको."

पाणी थंडगार होतं. ते संपवून तिनं गडू परत दिला आणि सायकल उचलली.

*

घरी आई पाहुण्यांसाठी चिवडा परतत होती आणि बाबा आरशासमोर उभं राहून भाषण म्हणत होते. नागपूरहून माणसं येणार होती. ज्या बाजारानं त्यांना 'राणीवाले' म्हणून चिडवलं, तो सगळा बाजार उद्या मंडपात बसणार होता. इस्त्रीचा कुर्ता खुर्चीच्या पाठीवर होता, आणि बाबांनी स्वतःसाठी नवा चष्मा बनवला होता. आयुष्यात पहिल्यांदा, दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम लावून.

"ये ये स्वरू, शेवट ऐक!" ते म्हणाले. "'...आणि या शोधाचं श्रेय दोन मुलींना जातं.' इथं मी थांबणार, अन् तुम्हा दोघींना वर बोलावणार. कसं वाटतं?"

"अहो, तिचं तोंड बघा आधी," आई कढईतला झारा तसाच धरून म्हणाली. "ऊन लागलं का गं? कुठं गेली होतीस?"

स्वरूपा दारातच उभी होती. चप्पल तिनं बाहेर काढली होती. तळपाय अजून चुरचुरत होते. वाटेत तिनं सगळं मनात घोळवलं होतं. हळूच सांगू, रात्री सांगू, आईला आधी सांगू, खात्याला निनावी फोन करू. शेवटच्या वळणापर्यंत असे कितीतरी मार्ग होते, आणि प्रत्येकात कुठं ना कुठं विशाखाच्या नावावर काहीतरी बालंट शिल्लक राहत होतं. बाबांच्या नव्या चष्म्याच्या काचांत तिला स्वतःचं तोंड दिसलं, दोनदा, बारकं.

"बाबा, उद्या तुमच्याआधी मी बोलणार आहे," ती म्हणाली. आवाज खणखणीत नव्हता, पण चिरकलाही नाही. "नमुना विशाखानं दिला नव्हता. मी तो चोरला. संमतीचं 'हो' पण मीच दाबलं. असा अहवाल कायद्यानं रद्द होतो, खड्डा थांबतो, हे मला माहीत आहे. मंडळाचा परवाना जाईल, वाचक जाईल, आणि लोक तुम्हाला हसतील, पहिल्यापेक्षा जास्त हसतील, तेही माहीत आहे. मी मंडपात सगळ्यांसमोर सांगणार आहे, जुई-तनुजासमोर, नागपूरच्या माणसांसमोर. तिथं राणी नाहीये, बाबा. मग कोण आहे, असं सगळे विचारतील. तुम्हीपण विचाराल, आई पण विचारेल. मला कितीही खोटारडी म्हणा, वेडी म्हणा, पण ते मी सांगणार नाही. उद्या नाही, नंतरही नाही, आणि तुम्हा दोघांनासुद्धा नाही."